सहाव्या खेळाडूची जागा

विम्बल्डन संपून दोन-तीन आठवडे झालेले. टीव्हीवरचं टेनिस अमेरिकेतल्या सिमेंटच्या कोर्टांकडे निघालेलं. आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ईस्टबोर्नच्या डेव्हनशायर पार्कात, सकाळपासून आरडाओरडा. या कोर्टावरून 'कम ऑन सरे', पलीकडच्या कोर्टावरून दुसऱ्या कुठल्या तरी काउंटीचं नाव, मग टाळ्या, मग पुन्हा तेच. इंग्रज माणूस टेनिस बघताना ओठ मिटून बसतो अशी आपली समजूत असते. काउंटी वीकमध्ये, म्हणजे तिथल्या काउंट्यांच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) सांघिक टेनिस स्पर्धेच्या आठवड्यात, ती पहिल्या पंधरा मिनिटांत मोडते.

कामानिमित्त काही महिने तिकडे होतो तेव्हा एक दिवस मी तिथे काढला. एका कोर्टापाशी बराच वेळ रेंगाळलो, कारण तिथली एक जोडी फारच विजोड होती. एकजण चाळिशी ओलांडलेला, गुडघ्याला पट्टा, सर्व्हिस करताना चेंडू जेमतेम डोक्याइतका उडवणारा. दुसरा चोवीस-पंचविशीचा. पहिल्याची सर्व्हिस टिकली फुटल्यासारखी आणि दुसऱ्याची सुतळी बॉम्बसारखी. समोरच्या जोडीतला रिटर्न घेणारा, पोरगा सर्व्हिसला उभा राहिला की आपण होऊन दोन पावलं मागे सरकायचा आणि मास्तरांची पाळी आली की पुढे यायचा. हो, तो पट्टेवाला खरोखरच एका शाळेत खेळाचा मास्तर होता. पोरगा प्रो होता, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, मानांकन तीनशेच्या पुढे कुठे तरी.

कोर्टाच्या कडेला बाकावर आणखी एकजण बसलेला, संघाचं जाकीट घातलेला. केळी सोलून ठेवत होता, बाटल्या भरत होता, कागदावर स्कोअर लिहीत होता. त्याच्याशी बोलणं झालं. आदल्या आठवड्यापर्यंत हा सहाजणांत होता. मग कॅप्टनचा फोन आला, की अमुक मोकळा आहे, यायला तयार आहे, समजून घे. याने समजून घेतलं आणि तरीही आठवडाभराची रजा रद्द न करता संघाबरोबर आला. रागावलायस का, असं मी विचारलं नाही. तो प्रश्न विचारण्याइतकी आमची ओळख नव्हती. पण त्या दिवसापासून 'व्यावसायिक खेळाडूंनी काउंटीच्या संघातून खेळावं का' या वादाबद्दल काही कानावर आलं की मला आधी तो केळी सोलणारा माणूसच दिसतो.

हा वाद नेमका कशाचा आहे ते कळायला स्पर्धेची रचना माहीत हवी. आपल्याकडे काउंटी म्हटलं की क्रिकेट. टेनिसचीही काउंटी स्पर्धा आहे, आणि ती १८९५ पासून चालू आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. परंपरेने चालत आलेली तिची पद्धत अशी: प्रत्येक काउंटीचे सहा खेळाडू, म्हणजे दुहेरीच्या तीन जोड्या. दिवसाला एका काउंटीशी गाठ. आपली प्रत्येक जोडी समोरच्या तिन्ही जोड्यांशी खेळते, म्हणजे एकूण नऊ लढती, पाच जिंकल्या की दिवस आपला. असे सलग पाच दिवस. काउंट्या सात गटांत विभागलेल्या. सगळ्यात वरचा गट ईस्टबोर्नला, बाकीचे क्रोमर, फ्रिंटन अशा ठिकाणी विखुरलेले. गटातल्या पहिल्या दोन काउंट्या वर चढतात, शेवटच्या दोन खाली घसरतात. बक्षिसाची रक्कम नाही. जागतिक मानांकनाचे गुण नाहीत. एकेरी नाहीच.

हिशोब केला तर एका खेळाडूच्या वाट्याला पाच दिवसांत पंधरा लढती येतात. आठवडा संपताना चाळिशीतला माणूस जिना उतरताना कठड्याला धरतो. तरीही माणसं वर्षाची रजा या आठवड्यासाठी राखून ठेवतात. गणपतीला कोकणात जाण्यासाठी आपण राखतो तशी.

आता प्रो आला की काय होतं? आक्षेप घेणारे म्हणतात, हा हौशी माणसांचा मेळा आहे. रोज सहा तास सराव करणाऱ्याने इथे येऊन काय सिद्ध करायचं? त्याच्यासाठी हा सुट्टीचा आठवडा आणि ज्याची जागा जाते त्याच्यासाठी वर्षाचा आठवडा. शिवाय ज्या काउंटीला असे दोन-तीन मिळतात ती वर, ज्यांना मिळत नाहीत त्या खाली. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. 'स्पर्धेचा दर्जा उंचावतो' असं एक उत्तर त्यावर तयार असतं आणि ते मला आळशी वाटतं. दर्जा उंचावतो हे खरं, पण बाकावर बसलेल्याच्या टेनिसचा दर्जा केळी सोलून उंचावत नाही.

तरी माझं मत असं, की प्रोला अडवू नये. मात्र तो कोण म्हणून येतो, हे कडक तपासावं.

पहिली गोष्ट, आकडे. नऊ लढतींपैकी एका जोडीच्या वाट्याला तीन येतात. तुमच्याकडे कितीही मोठा खेळाडू असो, त्याच्या जोडीने तिन्ही जिंकल्या तरी हातात तीन. विजयाला पाच लागतात. उरलेल्या दोन त्या बाकीच्या चौघांनी आणायच्या, ज्यांच्यात एखादा वकील असेल, एखादी विद्यापीठात शिकणारी मुलगी असेल (महिलांची स्पर्धाही याच धर्तीवर असते), एखादा क्लबात पोरांना शिकवणारा असेल. हे गणित एकेरीत चालत नाही. जर्मनीत टेनिसची बुंडेसलीगा आहे, म्हणजे क्लबांची साखळी स्पर्धा. पुरुषांच्या वरच्या गटात तिथे चार एकेरी आणि दोन दुहेरी. तिथे क्लब मानधन देऊन पहिल्या शंभरातले खेळाडू आणतात, कारण एकेरीतला विकत घेतलेला गुण पूर्ण आपला असतो, तो कुणाबरोबर वाटून घ्यावा लागत नाही. काउंटी वीकमध्ये प्रोला सर्व्हिस करायची तर जाळीजवळ मास्तर उभा असतो, आणि मास्तरच्या व्हॉलीवरच गुण ठरतो. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी ही पद्धत घातली त्यांच्या मनात प्रोचा विचार असण्याचं कारण नव्हतं, पण बांध मात्र त्यांनी नेमका घातला.

दोन प्रो असतील तर कॅप्टनपुढे पेच असतो. दोघांना एकत्र जोडलं तर तीन लढती जवळपास खिशात, पण तेवढ्याच. वेगळं केलं तर सहा लढतींत आपण तगडे, पण प्रत्येक ठिकाणी अर्धेच. मी पाहिलेल्या कॅप्टनने वेगळं केलं होतं. जिंकण्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं की नाही मला सांगता येणार नाही. पण त्या मास्तरला आयुष्यात दुसऱ्यांदा असा जोडीदार मिळेल का?

दुसरी गोष्ट, 'प्रो' हा शब्द. तो उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे खाजगी विमान आणि घड्याळाची जाहिरात येते. २०१६ साली मार्कस विलिस नावाचा इंग्रज खेळाडू विम्बल्डनच्या मुख्य फेरीत पोचला तेव्हा त्याचं जागतिक मानांकन ७७२ होतं. वॉरिक बोट क्लबमध्ये तो तासाला ३० पौंडांवर लोकांना टेनिस शिकवत होता. पात्रतेच्या सगळ्या पायऱ्या चढून आला, पहिल्या फेरीत जगात ५४व्या असलेल्या बेरांकिसला सरळ सेटमध्ये हरवलं आणि दुसऱ्या फेरीत सेंटर कोर्टावर फेडररसमोर उभा राहिला. पहिला सेट ०-६ गेला; दुसऱ्या सेटमध्ये त्याने पहिला गेम जिंकला तेव्हा स्टेडियम उभं राहिलं होतं. हा माणूस प्रो की क्लबचा मास्तर? दोन्ही. सोमवारी एक, मंगळवारी दुसरा.

खालच्या पायरीवरच्या स्पर्धा बघा. १५ हजार डॉलरच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धेत एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला सुमारे १५६ डॉलर मिळतात. त्यात विमानाचं तिकीट सोडा, हॉटेलच्या दोन रात्री आणि रॅकेटच्या तारा निघाल्या तर नशीब. आपला सुमित नागल २०२३ मध्ये भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना म्हणाला होता, की बँकेत ९०० युरो उरले आहेत. बक्षिसं, इंडियन ऑइलचा पगार आणि महा टेनिस फाउंडेशनची मदत, सगळं मिळून त्याचा वर्षाचा खर्च कसाबसा भागत होता. देशात पहिल्या असलेल्याची ही कथा, तर तीनशे-चारशेच्या घरातल्या इंग्रज पोराची काय असेल? तो जेव्हा जुलैचा एक आख्खा आठवडा काउंटीला देतो तेव्हा तो सुट्टीवर नसतो. मानांकनाचे गुण आणि थोडे का होईना पैसे मिळू शकले असते असा एक आठवडा तो सोडत असतो. बाकावरच्या माणसाने रजा खर्च केली तशी यानेही काहीतरी खर्च केलेलं असतं. कुणाचं जास्त गेलं याचं माप काढत बसण्यात अर्थ नाही.

'हौशी आणि व्यावसायिक एकत्र नकोत' हे वाक्य इंग्लंडमध्ये ज्याने त्याने जपून उच्चारावं, कारण त्या वाक्याला तिथे जुना वास आहे. फ्रेड पेरीने १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षं विम्बल्डन जिंकलं, १९३३ पासून सलग चार डेव्हिस कप ब्रिटनला मिळवून दिले. स्टॉकपोर्टमध्ये जन्मलेला, मजूर पक्षाच्या खासदाराचा हा मुलगा. १९३६च्या अखेरीस तो व्यावसायिक झाला आणि त्याच क्षणी विम्बल्डनचं दार त्याला बंद झालं. आज जिथे त्याचा पुतळा आहे तिथेच त्याला खेळायला मनाई होती. पुतळा उभा राहायला १९८४ उजाडावं लागलं. क्रिकेटमध्ये तर 'जेंटलमेन' आणि 'प्लेअर्स' असे दोन वर्णच होते. जेंटलमन म्हणजे पैसे न घेणारा, त्याची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापायची. प्लेअर म्हणजे पगारी, त्याची आडनावानंतर. ड्रेसिंग रूम वेगळ्या, काही मैदानांवर आत यायची फाटकंही वेगळी. फ्रेड टिटमस हा पगारी क्रिकेटपटू नवा असताना लॉर्ड्सवर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली होती: कार्डावर 'एफ. जे. टिटमस' छापलंय, ते 'टिटमस, एफ. जे.' असं वाचावं. पैसे घेणाऱ्या पोराला चुकून साहेबाचा मान मिळाला होता, तो तातडीने काढून घ्यायला नको? हे प्रकरण १९६२च्या मोसमाबरोबर संपलं. पंगतीत कोण कुठे बसणार यावरून रुसवेफुगवे पाहिलेल्या मराठी माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

टेनिसने तेच १९६७च्या डिसेंबरात केलं. ब्रिटनच्या लॉन टेनिस असोसिएशनने हौशी-व्यावसायिक हा भेदच पुसून टाकला आणि १९६८च्या एप्रिलमध्ये बोर्नमथला पहिली खुली स्पर्धा भरली. त्या स्पर्धेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट विजेत्याची नाही (पुरुषांत केन रोझवॉल जिंकला). मार्क कॉक्स नावाच्या हौशी खेळाडूने तिथे आधी पांचो गोन्झालेसला पाच सेटमध्ये आणि नंतर रॉय इमर्सनला हरवलं. व्यावसायिकांच्या टोळीत वर्षानुवर्षं ज्यांच्याबद्दल दंतकथा ऐकायच्या, त्यांच्यासमोर प्रत्यक्ष उभं राहिल्यावर कळलं, की अंतर आहे पण आभाळाएवढं नाही. हे कळण्यासाठी दार उघडावं लागलं. काउंटीच्या कोर्टावर दोन पावलं मागे सरकणाऱ्या त्या रिटर्नवाल्याने दुसऱ्या सेटमध्ये एक सर्व्हिस पोराच्या पायाशी परत मारली. त्यानंतर तो पुढचे तीन गेम मागे सरकला नाही. प्रोविरुद्ध न खेळता हे त्याला कुणी शिकवलं असतं?

इथपर्यंत मी प्रोच्या बाजूने. आता उलटा भाग.

आपल्या रणजी क्रिकेटमध्ये 'प्रोफेशनल' या शब्दाला एक खास अर्थ आहे. तिथे सगळेच पैसे घेतात, तरी 'प्रोफेशनल' म्हणजे दुसऱ्या राज्यातून करारावर आणलेला खेळाडू. थोडक्यात, पाहुणा. काउंटी टेनिसमधली खरी भीती या अर्थाच्या प्रोची असायला हवी, मानांकनवाल्या प्रोची नाही. गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेटवाल्यांनी हे कधीच ओळखलंय. रायगड-रत्नागिरीकडे 'एक गाव एक संघ' अशा स्पर्धा होतात तेव्हा आयोजक टेबल टाकून आधार कार्ड बघतात. बॅटिंग किती चांगली आहे हे कुणी विचारत नाही. कार्डावर गाव कुठलं ते विचारतात. कारण एकदा का पनवेलहून गाडी भरून फटकेबाज आणायला सुरुवात झाली, की गावाचं नाव फक्त टी-शर्टवर उरतं.

पण पाहुणा कधीच आपला होत नाही असंही नाही, आणि याचं उदाहरण नागपुरात आहे. वसीम जाफर मुंबईचा. विदर्भाने त्याला करारावर आणला. २०१६-१७ चा मोसम तो दुखापतीमुळे खेळू शकला नाही. पुढच्या वर्षी तो म्हणाला, तुमचे पैसे घेतले पण खेळलो नाही, या वर्षी फुकट खेळतो. त्या वर्षी विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली आणि पुढच्या वर्षी पुन्हा. जाफर नुसत्या धावा काढत नव्हता. तो मोसमभर त्या ड्रेसिंग रूममध्ये होता, पोरांच्या बॅटिंगकडे बघत होता. यॉर्कशायरचंही तसंच. काउंटीच्या हद्दीत जन्मलेल्यालाच घ्यायचं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हट्ट. तो सोडून पहिला परदेशी खेळाडू घेतला तो १९९२ मध्ये, एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. वांद्र्याच्या पोराचा यॉर्कशायरी टोपी घातलेला फोटो तेव्हा आपल्याकडच्या पेपरांतही झळकला. तो उन्हाळाभर तिथे राहिला, हजारावर धावा केल्या, आणि लीड्समधले म्हातारे अजून त्याला आपल्यातला समजतात म्हणे.

म्हणजे पैसे हा मुद्दा नाही, जन्माचा दाखला हाही नाही. मुद्दा राबत्याचा आहे. जाफरला दोन-तीन मोसम मिळाले, सचिनला एक उन्हाळा. काउंटी वीक पाच दिवसांचा असतो. पाच दिवसांत पाहुण्याचा घरचा होत नाही. तेवढ्यात त्याला टॉवेल कुठे ठेवलेत हेही कळत नाही. म्हणून टेनिसमध्ये नातं आधीपासूनचं लागतं.

हे किती महत्त्वाचं आहे ते जानेवारी २०२५ मध्ये बीकेसीच्या मैदानावर दिसलं. बोर्डाने फर्मान काढलं, की भारताकडून खेळणाऱ्यांनी स्थानिक क्रिकेटही खेळावं. रोहित शर्मा मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध उतरला. गर्दी झाली, कॅमेरे आले. रोहितने ३ आणि २८ धावा केल्या, मुंबई पाच गड्यांनी हरली, आणि पुढच्या सामन्याला तो नव्हता. त्या मोसमात आधी दोन शतकं काढलेला सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे त्या सामन्याच्या अकरातही नव्हता. रोहित बोरिवलीचा, पोरवयापासून मुंबईकडून खेळलेला. त्याच्या नात्याबद्दल कुणी शंका घेणार नाही. तरी तो सामना घशाखाली उतरत नाही, कारण तो फर्मानावर आला होता आणि एका सामन्यापुरता आला होता. आवडीने, पूर्ण मोसम आला असता तर म्हात्रे बाहेर बसूनही काही शिकला असता. तीन दिवसांत तो काय शिकणार, गर्दी किती होते ते?

तेव्हा मला काउंट्यांना सांगायचंय ते हे. मानांकनावरून कुणाला अडवू नका. अमुक इतकेच प्रो, अशी संख्येची मर्यादाही घालू नका. एखाद्या काउंटीने आपल्या कोर्टांवर चार प्रो घडवले असतील तर ती तिची कमाई आहे, तिला दंड कशाला? पण पात्रता मोजताना सध्याच्या पत्त्याला शेवटचं स्थान द्या. जन्म, वास्तव्य, पूर्वी खेळलेलं असणं, असे वेगवेगळे धागे काउंटीशी नातं सांगायला चालतात. त्यात वास्तव्याचा धागा सगळ्यात कच्चा आहे. ब्रिटनचं राष्ट्रीय टेनिस केंद्र लंडनमध्ये रोहॅम्प्टनला आहे. सरावासाठी खेळाडू त्याच्या आसपास घर घेणार हे उघड आहे. पत्ता मोजला तर लंडनभोवतीच्या काउंट्यांना आयते खेळाडू मिळत राहणार आणि कॉर्नवॉलसारख्या टोकाच्या काउंटीने बारा वर्षांच्या पोराला पावसात गाडीने स्पर्धांना नेलं त्याचं फळ दुसराच खाणार. ज्या काउंटीकडून तो चौदा वर्षांखालच्या संघात खेळला, पहिला हक्क तिचा. मुंबईतून गोव्याकडे जाण्यासाठी यशस्वी जयस्वालने २०२५ मध्ये ना-हरकत मागितली आणि महिनाभरात परत घेतली, तेव्हा आपल्याकडेही हाच प्रश्न घुमला होता: तो कुणाचा? भदोहीचा, जिथे तो जन्मला? की आझाद मैदानाचा, जिथे तंबूत राहून तो घडला? मला विचाराल तर तंबूचा.

दुसरी अट, आला तर पाचही दिवस. बुधवारी येऊन शुक्रवारी स्पर्धेला उडणारा नको, मग तो कितीही घरचा असो. अर्धवट येणाऱ्याने आधी एकाची जागा घालवलेली असते आणि नंतर जोडीदाराची लयही. आणि नाव महिनाभर आधी कळवायचं. शेवटच्या आठवड्यात कॅप्टनचा फोन जाणं ही खेळाडूची चूक नसते, व्यवस्थेची असते. ज्याची जागा जाणार आहे त्याला निदान रजेचा अर्ज करण्याआधी ते कळावं.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. मानधन देऊ नये, यावर मी ठाम आहे. ते दिलं की बुंडेसलीगा झाली, आणि बुंडेसलीगा जर्मनीत उत्तम चालू आहे, तिची नक्कल ईस्टबोर्नला नको. पण मघाचे १५६ डॉलर आठवा. खालच्या पायरीवरच्या प्रोला आठवडाभर समुद्रकाठच्या गावात राहणं खिशाला जड जातं, आणि फक्त ज्यांचे आईबाप सधन तेच येऊ शकले तर जुने जेंटलमेन मागच्या दाराने परत आलेच. म्हणून रेल्वेचं तिकीट, खोली आणि दोन वेळचं जेवण काउंटीने द्यावं. प्रोला दिलं तेवढंच मास्तरला, तीच खोली, तेच जेवण. आणि सहाजणांवर न थांबता, बाकावर केळी सोलत बसलेल्या त्या सातव्यालाही.